कडू मिठाचं कुरण

कासिमिरा पुकानं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि हे ती दिवसातून चारदा सांगायची. नवरा मेला त्या दिवशी शेजारीण पातास्का घेऊन आली, मका आणि मांसाचं दाट कालवण, भांडं भरून. हिनं ते दारातूनच परत केलं. म्हणाली, “मेला तो, मी नाही. माझे हात शाबूत आहेत.” शेजारीण पुढं बारा वर्षं तिच्याशी बोलली नाही. कासिमिराला ते बारा वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

अशी बाई गावाला आवडत नसते, पण लागते. आमच्या तिलाकार गावात लामा व्यायला अडली की पाय आपोआप तिच्या दाराकडे वळायचे. कुठलं पिल्लू जगवायचं आणि कुठल्याची मान तिथल्या तिथं मुरगळायची, हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. ती यायची, काम उरकायची आणि मालकाला दोन शब्द सुनावून जायची. “जनावराला कळतं,” हे तिचं ठरलेलं वाक्य. “काय खावं, काय नाही, सगळं कळतं. कळत नाही ते तुम्हांला.” एका हिवाळ्यात सुनेच्या हातून जनावरांच्या वाडग्याचं दार उघडं राहिलं आणि सात पिल्लं गारठून मेली, तेव्हा तिनं सुनेला घराबाहेर काढलं. मुलगा बायकोच्या मागोमाग आंतोफागास्ता शहरात गेला तो गेलाच. मुलगा गेला त्याहून ती सात पिल्लं गेली याचं तिला जास्त वाईट वाटायचं, आणि तसं ती चारचौघांत बोलूनही दाखवायची.

तिच्याकडे त्रेसष्ट लामा होत्या आणि एक कुरण होतं. गावातल्या बाकीच्यांनी जनावरं कधीच विकून टाकली होती. कुणी कंपनीच्या स्वयंपाकघरात लागलं, कुणी पाहुण्यांना उन्हात फिरवायला लागलं. कासिमिराचं कुरण मात्र झऱ्यावरचं होतं, बारा महिने हिरवं. आमच्याकडे कुरणाला कागद नसतो. कार्निव्हलच्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या सणाच्या दिवशी ज्यानं आपल्या जनावरांच्या कानांत त्या गवतावर उभं राहून लोकरीचे गोंडे ओवले, कुरण त्याचं. एक वर्ष चुकलं की ते गावसभेकडे जातं. मग सभा ते कुणालाही देते.

कुणालाही म्हणजे कुणाला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खाली मिठाच्या तळ्यात जी कंपनी बसली आहे तिला त्या झऱ्यावर विहीर हवी होती, आणि गावसभेचा अध्यक्ष होता एर्मोखेनेस, कासिमिराचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांनी धाकटा. त्याचं ढुंगण हिनंच धुतलं होतं आणि हेही ती चारचौघांत सांगायची, शक्यतो सभा चालू असताना. तो हसून घ्यायचा. दर वर्षी एकदा तो तिच्याकडे यायचा आणि म्हणायचा, “ताई, तुझे गुडघे गेले. देऊन टाक कुरण. घर बांधून देतील, नळ देतील.” ती म्हणायची, “माझी एक जरी लामा कार्निव्हलला त्या गवतावर उभी आहे ना, तोवर तू बोट चोखत बस.” तो चोखत बसला होता, आणि त्याला घाई नव्हती.

कंपनीचा रस्ता कुरणाच्या कडेनं जातो. तेव्हा तो कच्चा होता आणि दिवसाला दोनशे लॉऱ्या जायच्या. गवतावर पांढरी धूळ बसायची, इतकी की जनावरांच्या दातांत ती करकरताना ऐकू यायची. डोळे गळायला लागले. म्हाताऱ्या लामांचे दात झिजून हिरड्यांना टेकले. कासिमिरानं कुणाला अर्ज केला नाही. जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत, ती त्रेसष्ट जनावरं घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली. तीन दिवस बसली. लॉऱ्यांची रांग वळणापलीकडे गेली. ड्रायव्हरांनी आयाबहिणी काढल्या. एकानं तर तिच्या समोरच चेन उघडून रस्त्यावर धार सोडली.

“सोड, सोड,” ती म्हणाली, “तेवढीच धूळ बसेल.”

चौथ्या दिवशी कंपनीचा साहेब आला आणि धूळ बंद करतो म्हणाला. बंद केलीही. तळ्यातलं खारं पाणी उपसून, उन्हात वाळवून कंपनी तिला हवं ते काढून घेते, आणि जे उरतं ते एक कडू, ओलसर, पांढरं मीठ. त्याचं पाणी करून टँकरनं रस्त्यावर मारायला सुरुवात झाली. महिन्याभरात रस्ता काळा, टणक आणि चकचकीत झाला. लॉरी गेली तरी चिमूटभर धूळ उडेना. कासिमिरा गावभर सांगत फिरली, “तुम्ही वीस वर्षं सभा घेतल्या. मी तीन दिवस ढुंगण टेकलं.” ते खरंच होतं, आणि म्हणूनच लोकांना जास्त झोंबलं.

त्या मिठाला हवेतलं पाणी ओढायची खोड आहे. पहाटे रस्ता ओला असायचा, जिथं वर्षात दोन बोटं पाऊस पडत नाही तिथं. ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेची झुडपं शेंड्याकडून तांबडी पडायला लागली. पाली आणि किडे त्या ओलीवर यायचे आणि तिथंच चिकटून वाळायचे. एकदोघांनी तिला ते दाखवलं. ती म्हणाली, “झुडपं मरतात. मरू देत, मी झुडपं पाळत नाही.”

ऑगस्टमध्येच जनावरांसाठी मीठ आणायचं असतं. तळ्याच्या एका ठरावीक कोपऱ्यातून, जिथून आज्यापणज्यांनी आणलं, तिथून पांढऱ्या मिठाच्या लाद्या फोडून आणायच्या आणि वाडग्यात दगडावर ठेवायच्या. जाऊन येऊन दोन दिवसांची चाल. तिचे गुडघे त्या वर्षी उतरणीला साफ नाही म्हणाले. एर्मोखेनेसकडे छोटी लॉरी होती. तासाभराचं काम. ती त्याच्या दारावरून तीनदा गेली आणि तिन्ही वेळा पुढं निघून गेली. त्याची बायको तोमासा अंगणात कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, “काही हवंय का, वन्सं?”

“तुझ्याकडे असतं तर तूच वापरलं असतंस,” कासिमिरा म्हणाली आणि घरी आली.

ऑक्टोबर संपेपर्यंत लामा एकमेकींची लोकर उपटून खायला लागल्या. हाडं चघळायला लागल्या. गाभण माद्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. ज्याला जनावरं कळतात त्याला हे दुरून कळतं: मीठ नाही. आणि समोरून रोज टँकरभर मीठ जात होतं.

टँकर चालवायचा रुपेर्तो. दक्षिणेकडचा, पावसाच्या आणि गाईगुरांच्या मुलखातला, बत्तीस-तेहतीसचा माणूस. तिकडं बायको आणि दोन मुली. इथल्या कोरड्या हवेत त्याच्या नाकातून रक्त यायचं आणि तो ते बाहीला पुसून बोलत राहायचा. गावात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं म्हणून तो कासिमिराशी बोलायचा, आणि ती त्याला शिव्या द्यायची म्हणून त्याला घरच्यासारखं वाटायचं. ती त्याला कालचं उरलेलं वाढायची. तो वाटी चाटून पुसून ठेवायचा.

एका दुपारी ती म्हणाली, “ए गायवाल्या. तुझ्या टँकरात घालतोस त्याची पोती असतात ना कोरडी?”

“असतात. का, आजी?”

“तीन टाक इथं.”

आयुष्यातलं हे तिचं पहिलं मागणं, आणि तेही हुकूम सोडल्यासारखं.

रुपेर्तो डोकं खाजवायला लागला. “आजी, ते रस्त्याचं आहे हो. आमच्याकडे गाईंना पांढरं मीठ देतात, साधं. हे द्यायचं की नाही, मला काय कळतंय?”

“कुठलं आहे ते?”

“तळ्यातलंच.”

“मग? माझ्या आज्यानं तळ्यातलंच आणलं, त्याच्या आज्यानं तळ्यातलंच आणलं. तुझ्या साहेबानं काय आकाशातून आणलंय? तळ्याचं मीठ ते मीठ.”

चार दिवसांनी त्यानं तीन पोती उतरवली.

तिनं चिमूट जिभेवर ठेवली. कडू जहर. पण जंतांसाठी जनावराला कडू मिठाचा जुलाब द्यायची रीत तिला माहीत होती, आणि कडू ते औषधी असा सगळ्या जगाचा समज आहे. तिनं ते दगडावर मांडलं. पुढारीण लामा आली, नाक लावलं, मान झटकली आणि थुंकली. मागच्या सगळ्या तशाच वळल्या. दोन दिवस मीठ जसंच्या तसं राहिलं, फक्त रात्रीची ओल पिऊन चिघळलं.

जनावराला कळतं. साठ वर्षं जे वाक्य तिनं गावाच्या तोंडावर मारलं, ते तिला त्या सकाळी आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तिला त्या जनावरांचा राग आला. लाडावल्यात मेल्या. कारण त्यांचं खरं मानायचं तर पुढची पायरी होती भावाचं दार. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. हिचा तर सुंभही अजून शाबूत होता. तिनं भाजलेल्या मक्याचं पीठ घेतलं, गोड शेंगांचा कुटा घेतला, त्यात ते मीठ मुठीमुठीनं कालवलं आणि आंबोण करून घातलं. गोडाच्या लालचेनं जनावरांनी खाल्लं. पुढारीण खाईना तेव्हा तिची मान काखेत दाबून हिनं स्वतःच्या हातानं घास कोंबले.

पहिले काही आठवडे जनावरं पातळ हगत होती. जंत पडताहेत, ती म्हणाली, आणि मूठ वाढवली.

जानेवारीत वर डोंगरात पाऊस झाला. आमच्याकडे तो आला तर एका दुपारचा येतो, पण येतो तेव्हा दगड घेऊन येतो. तो चकचकीत रस्ता तासाभरात पिठल्यासारखा विरघळला आणि त्याचा राडा उतारानं थेट कुरणात आला, झऱ्याखालच्या डबक्यात. दुसऱ्या दिवशी डबक्याच्या कडेला बोटाएवढे बेडूक उताणे पडले होते, झाडून सगळे. ते बेडूक त्या एका झऱ्यात होते, दुसरीकडे कुठं कुणी पाहिले नव्हते. आता तिथंही नाहीत.

जनावरांची पोटं आधीच गळत होती. तहान लागली की ती डबक्यावर जायची. प्यायली की आणखी गळायची, आणखी तहान लागायची. काही रस्त्यावर जाऊन ओल चाटायला लागली, त्यातल्या दोन लॉरीखाली गेल्या. गाभण माद्या आधी गेल्या. एक तर पिल्लू अर्धं बाहेर लटकत असताना उभी होती आणि तशीच मान वळवून त्याला चाटायचा प्रयत्न करत होती. पिल्लू मेलेलं होतं. कासिमिरानं ते ओढून काढलं आणि मग सुरी घेऊन आईलाही सोडवलं. नऊ दिवसांत एकेचाळीस गेल्या. त्यातल्या अकरा तिच्या सुरीनं, कारण त्या मरायला फार वेळ लावत होत्या. पुढारीण पाचव्या दिवशी गेली.

गाव बघायला आलं. मदतीला नव्हे, बघायला. बायका नाकाला फडकी लावून कुंपणाशी उभ्या राहिल्या. बारा वर्षं न बोललेली ती शेजारीण सगळ्यांत पुढं होती.

“काय हो, कासिमिराबाई,” ती म्हणाली, “जनावराला कळतं ना?”

कोणीतरी फिसकन हसलं. कासिमिरा खाली मान घालून सुरी पुसत राहिली. तिची ती खाली गेलेली मान बघून खरं तर लोकांना भीती वाटायला हवी होती, पण त्यांना मजा वाटली.

लोक गेल्यावर तिनं पुढारणीचं पोट फाडलं. आत मक्याच्या पिठात कालवलेला पांढरा चिकट गोळा होता. मग तिनं डबक्याचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. तेही कडू. दोन्हीकडून मेली होती बिचारी, रस्त्यानंही मारलं आणि हिनंही मारलं. पण पोटातला तो गोळा कुणाच्या मुठीतला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती तिथं बसून रडली. मोठ्यानं रडली, तोंडात माती जाईपर्यंत. मग उठली, पोती चुलीत घातली आणि वर भांडं चढवलं.

बावीस जनावरं उरली होती. कार्निव्हलला अठरा दिवस होते. बावीस सोडा, एक उरली असती तरी कुरण तिचंच होतं. फक्त एक गोष्ट कुणाला कळता कामा नये, कारण आमच्याकडे आणखी एक रीत आहे: ज्यानं स्वतःच्या हातानं कळप मारला, त्याच्या हातून त्या वर्षी गोंडे ओवून घेत नाहीत. जमीन ते घेत नाही म्हणतात.

सभा शाळेच्या खोलीत भरली. कंपनीचा साहेब आला, सोबत गुरांचा डॉक्टर आला. डॉक्टर म्हणाला, पोटात रस्त्याचं मीठ सापडलं, डबक्यातही तेच सापडलं. पोटात ते कुठून आलं हे पोट सांगत नाही. गाव एकदम तापलं. एरवी कंपनीच्या पगारावर जगणारी माणसंही उठून बोलायला लागली. रस्ता उखडा. झुडपं गेली, बेडूक गेले, आता जनावरं गेली. साहेबाच्या कपाळावर घाम आला. मी सांगतो, त्या खोलीत त्या दिवशी तो रस्ता खरंच उखडला गेला असता.

साहेबानं हात वर केला. “रस्त्यावर सगळं नियमानं होतं. कुणी नियमाबाहेर काही केलं असेल तर सांगा.”

सगळ्यांच्या माना कासिमिराकडे वळल्या. तिला फक्त गप्प बसायचं होतं. पण गप्प बसलं तर प्रश्न मोकळा राहतो, आणि मोकळा प्रश्न फिरत फिरत कधीतरी तिच्या चुलीपर्यंत आला असता. मागच्या भिंतीला टेकून रुपेर्तो उभा होता, नाकाला रुमाल लावून. तिनं बोट उचललं.

“त्यानं ओतलं,” ती म्हणाली. “उरलेला टँकर माझ्या डबक्यात रिकामा करायचा. रोज. परत प्लांटवर न्यायचा कंटाळा. मी डोळ्यांनी पाहिलं. सगळं कुरण विषारी करून ठेवलंय त्यानं.”

रुपेर्तोचा रुमाल खाली आला. “आजी? काय बोलता? मी तीन पोती दिली फक्त. तुम्ही मागितलीत म्हणून दिली.”

“मी मागितली?” कासिमिरा उभी राहिली आणि सगळ्या खोलीकडे वळली. “विचार या लोकांना. मी कधी कुणाकडे काही मागितलंय?”

आणि सगळी सभा हसली. तिच्या बाजूनं हसली. तो माणूस परका होता, आणि कासिमिरा पुका मागते हे ऐकून गावातलं पोरसुद्धा हसलं असतं. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, “अहो, हिनं नवऱ्याच्या मयताला कालवण घेतलं नाही! ही पोती मागेल?”

रुपेर्तो अध्यक्षाच्या टेबलाकडे वळला. “तुम्ही तरी सांगा त्यांना. तुम्हांला माहीत आहे.”

“सभेत एका वेळी एकानं बोलायचं,” एर्मोखेनेस म्हणाला. “तुझं बोलून झालं.”

साहेबाच्या कपाळावरचा घाम वाळला. रस्ता चुकीचा नव्हता, एक माणूस चुकीचा होता, आणि माणूस बदलणं फार सोपं असतं. त्याच संध्याकाळी रुपेर्तोला बसमध्ये घातलं. सामान घ्यायला तो तिच्या दारावरून गेला आणि थांबला. ती आत होती. तो एवढंच म्हणाला, “माझ्या मुलींना काय सांगू, आजी?” तिनं आतून कडी लावली. रस्त्यावर दुसऱ्या सकाळपासून दुसरा माणूस टँकर चालवायला लागला. बेडकांचं आणि झुडपांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आणि एर्मोखेनेसला पडत्या फळाची आज्ञाच झाली. तिनं स्वतः, भर सभेत, स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की कुरण विषारी आहे. चार दिवसांत कंपनीनं चारी बाजूंनी जाळीचं कुंपण घातलं. खर्च कंपनीचा, पाटी कंपनीची: जनावरांना आत सोडू नये. जमीन शुद्ध होईपर्यंत. जमीन शुद्ध केव्हा होणार हे पाटीवर नव्हतं.

कार्निव्हलच्या सकाळी कासिमिरा बावीस जनावरं घेऊन फाटकाशी आली. कमरेला लाल-पिवळ्या गोंड्यांची पिशवी, हातात जमिनीला वाहायची कोकाची पानं. फाटकाला कुलूप होतं. नाचत-गात निघालेलं गाव तिच्या मागून आलं आणि ढोलकं हळूहळू थांबलं. एर्मोखेनेस पुढं झाला. गळ्यात रंगीत कागदांची माळ, तोंडाला सणाचं पीठ फासलेलं.

“उघड,” ती म्हणाली.

“ताई, आत विष आहे. उरलेलीही मारायची आहेत का?”

“एक सोड आत. एकच. पाच मिनिटं. गोंडा ओवते आणि बाहेर काढते.”

“तूच म्हणालीस ना.”

तिनं फाटक धरून हलवलं. मग ती लोकांकडे वळली आणि तिनं ते सांगितलं. सगळं सांगितलं. पोती मी मागितली. आंबोणात मी कालवलं. पुढारणीच्या तोंडात घास मी कोंबले. त्या पोरानं काही ओतलं नाही, मी खोटं बोलले. कुरणात विष असलंच तर ते रस्त्यावरून आलंय, रस्ता उखडा, पण माझं कुरण घेऊ नका. बोलता बोलता ती गुडघ्यांवर बसली. त्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, तरी बसली, आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, “मागते मी. तुमच्याकडे मागते.”

लोकांनी नीट ऐकून घेतलं. मध्ये कुणी हसलंही नाही. आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. कासिमिरा पुका मातीत बसून हात जोडते म्हणजे तिचं डोकं फिरलं, एवढंच त्यांना त्यातून कळलं. शेजारणीनं पुढं येऊन तिच्या खांद्यावर आपली शाल टाकली. “दुःखानं होतं असं,” ती म्हणाली, आणि या वेळी ती खरंच हळहळत होती.

एर्मोखेनेस तिला उठवायला खाली वाकला. दोन्ही काखांत हात घालून त्यानं तिला उचललं, अगदी जपून. तोंड तिच्या कानाशी होतं.

“खरं आहे, ताई,” तो हळूच म्हणाला. “रुपेर्तो पोती देण्याआधी मला विचारायला आला होता. जनावरांना चालेल का म्हणाला. मी म्हटलं, दे. ती मागते आहे तर दे.”

मग तो सरळ झाला आणि मोठ्यानं म्हणाला, “हिला घरी न्या. कोणीतरी गरम काही पाजा.”

ढोलकं पुन्हा सुरू झालं. कुरणाच्या गवतावर त्या दिवशी कुणीही गोंडे ओवले नाहीत, आणि संध्याकाळी कुरण गावसभेचं झालं.

बावीस जनावरांना चरायला जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी कालामा शहरातल्या कत्तलखान्याची लॉरी आली. जनावरं फळीवर पाय ठेवेनात. माणसांनी ओढली, काठ्या घातल्या, एकीचा पाय मोडला. शेवटी एर्मोखेनेस बहिणीला बोलवायला गेला. ती आली. फळी चढून वर गेली, लॉरीच्या आत उभी राहिली आणि रोज सकाळी कुरणाकडे नेताना मारायची ती हाक मारली. एकवीस आपल्या पायांनी चढल्या, मोडक्या पायाची लंगडत शेवटी चढली. मग कासिमिरा खाली उतरली आणि ड्रायव्हरनं मागचं दार लावून घेतलं.